क्षयरोग विभागातून बोलतेय

२०२३ च्या दिवाळीत मला खोकला सुरू झाला आणि कुणालाच त्यात वावगं काही वाटलं नाही. मुंबईची हवा त्या हंगामात इतकी वाईट होती की भांडुपला गाडीत चढावं तर लेडीज डब्यातल्या निम्म्या बायका तोंडावर ओढणी धरून खोकताना दिसायच्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी सिरप दिलं, मग अँटिबायोटिक, मग दुसरं ‘जरा स्ट्राँग’ अँटिबायोटिक. त्या दुसऱ्यानं बरं वाटलं आणि तिथेच घोटाळा झाला. लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतात. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, रोगाचं निदान मात्र पुढे ढकललं जातं. हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा मी आपली बरं वाटतंय म्हणून खुशीत होते.

डिसेंबरात संध्याकाळचा बारीक ताप पुन्हा सुरू झाला. ब्लाउज सैल झाले. ऑफिसातल्या एकीनं “डाएट कुणाचं गं?” म्हणून विचारलंसुद्धा. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला, उजव्या बाजूला वरती असलेल्या ढगासारख्या डागाभोवती पेनानं गोल फिरवला आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. नुसती काचेवर जंतू बघायची नाही, सीबीनॅटची. जंतू आहे की नाही ते ही चाचणी सांगतेच, शिवाय रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही तेही सांगते. मुंबईत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. औषधांना न जुमानणारा क्षय या शहरात किती आहे ते इथल्या कुठल्याही छातीच्या डॉक्टरला विचारा. रिपोर्ट आला : जंतू आहे, औषधाला दाद देणारा आहे. डॉक्टर म्हणाले, “नशीब चांगलं आहे तुमचं.” मला काही तसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना अनोळखी नंबरवरून फोन.

“मॅडम, क्षयरोग विभागातून बोलतेय. महापालिका. तुमचा पत्ता कन्फर्म करायचा होता.”

मी उठून जिन्यात गेले. माझं नाव, वय, पत्ता, कुठल्या लॅबमध्ये तपासणी झाली, सगळं तिच्याकडे होतं. मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?” ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टरांनी कळवलंय. कळवावंच लागतं.”

ते खरं होतं. क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ पासून न कळवणाऱ्यावर कारवाईही होऊ शकते. डॉक्टरांवर, लॅबवर, औषधांच्या दुकानांवरही हे बंधन आहे. ‘निक्षय’ नावाच्या पोर्टलवर तुमची नोंद होते, तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि तिथून पुढे देशात कुठेही गेलात तरी तो तुमच्यासोबत असतो. कायदा म्हणून हे पटण्यासारखं आहे. त्या जिन्यात उभी असताना मात्र मला भयंकर राग आला होता. माझ्या आईलाही मी अजून सांगितलं नव्हतं आणि महापालिकेला माहीत होतं!

तो राग घेऊनच पुन्हा डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, गोळ्यांचे पैसे मी भरते, केमिस्टकडून घेते, ते महापालिकेचं काही नको. डॉक्टर हसले. “औषध तेच आहे. पण तिकडे तुमच्या मागे कुणीतरी लागेल. मी लागणार नाही. मला वेळ नाही.” इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनीच चिठ्ठी देऊन मला आमच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात पाठवलं.

इतकी वर्षं त्या केंद्रासमोरून मी रिक्षानं जात होते. पल्स पोलिओच्या रविवारी मुलाला घेऊन एकदा आत गेले असेन, तेवढंच. तळमजल्याच्या तीन खोल्या, बाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये बाक. लसीकरणाचा दिवस असला की बाकावर बाळं आणि आज्या. आतून एकेक रडण्याचा आवाज आला की बाहेरची बाळं ते ऐकूनच सूर लावतात. कुत्रा चावलेला एखादा मुलगा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला, त्याची आई केसपेपरावर पुढच्या इंजेक्शनच्या तारखा बघतेय. तापाच्या माणसाच्या बोटाला टोचून काचपट्टीवर मलेरियासाठी रक्त घेणं चाललेलं. गरोदर बायकांच्या हातात लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पिशव्या. तांबी बसवायला आलेली एक बाई, नवऱ्याला शेडबाहेर उभं करून. आणि कडेच्या खोलीत, खिडकी सताड उघडी ठेवून, आम्ही. म्हणजे मास्कवाले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी वजन केलं. ४६ किलो. गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. एकेका गोळीत चार औषधं एकत्र : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. दोन महिने ही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सगळ्या एकदमच घ्यायच्या, रोज, अनशेपोटी. मग एचआयव्हीची तपासणी आणि साखर. दोन्ही प्रत्येक क्षयरुग्णाची करतातच, पण ‘एचआयव्ही’ म्हटल्यावर माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांची करतो हो. मलाही झाला तर माझीही करतील.” बँकेचं पासबुक मागितलं, कारण पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येतात. (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, माझा कोर्स त्याआधीच संपला.) मी म्हटलं मला नकोत. मॅडम म्हणाल्या, “अंडी खा त्याची. नको असतील तर नंतर कुणाला तरी द्या. फॉर्म भरा.”

त्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी एक बाई रजिस्टरात ओळी मारत बसल्या होत्या. निळी किनार असलेली साडी, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या भागाच्या आरोग्य सेविका. फोनवरचा आवाज यांचाच होता. मी त्यांना पुढे ताई म्हणायला लागले, त्या मला पहिल्या दिवसापासूनच ताई म्हणत होत्या. एकमेकींना ताई म्हणत आम्ही सगळा कोर्स पार पाडला. त्यांनी गोळ्यांची पाकिटं माझ्यासमोर मोजली आणि म्हणाल्या, “ताई, लघवी लाल-केशरी होणार. घाबरायचं नाही. घामही, डोळ्यातलं पाणीही. लेन्स लावत असाल तर आता चष्मा लावा.” हे आधी सांगितलं नसतं तर दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये मी किंचाळलेच असते.

“आणि उद्या-परवा घरी येणार आम्ही.”

“घरी कशाला?”

“पत्ता बघायला. आणि घरातल्यांना तपासायला.”

मी त्यांना हात जोडायचंच बाकी ठेवलं. आमची बिल्डिंग जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली. दारं आता बंद असतात, पण सवयी चाळीच्याच आहेत. कोण कुणाकडे आलं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं.

ताई आल्या, सोबत टीबी हेल्थ व्हिजिटर म्हणून काम करणारे एक भाऊ. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलंच, “कोण हवंय?” ताईंनी पिशवीतून कागद काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आरोग्य खात्याचा सर्व्हे आहे काकू. पाण्याची टाकी झाकलेली आहे ना वरची? तुमच्याकडे कुणाला ताप-खोकला?” काकूंची पाच मिनिटं चौकशी केली, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतायला लावलं आणि मग आमच्याकडे वळल्या. ही युक्ती त्या किती घरांपुढे वापरत असतील देव जाणे. पण खोटं काहीच नव्हतं. डेंग्यूच्या डासांसाठी त्या ताटल्या त्यांना बघायच्याच असतात.

आत आल्यावर सगळ्यांत आधी त्यांची नजर स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेली. तिथे माझं ताट, वाटी, पेला वेगळे काढून ठेवले होते, वर नेलपॉलिशची खूण. सासूबाईंचं काम. त्यांच्या माहेरी एका काकांना क्षय झाला होता, त्या काळातलं सगळं त्यांच्या डोक्यात घट्ट होतं.

“आजी, ही भांडी कुणाची?”

“तिची. आम्ही वेगळी ठेवतो, काळजी घेतो.”

“भांड्यानं नाही पसरत हा. हवेतनं पसरतो. खोकल्यातनं. भांडी एकत्र घासा, पण ही खिडकी का बंद?”

“धूळ येते.”

“येऊ दे. धूळ पुसता येते.” असं म्हणून त्यांनी स्वतःच खिडकी उघडली. ती खिडकी दोन वर्षांत उघडली नव्हती. कडी गंजलेली, भाऊंनी चपलेनं ठोकली तेव्हा सरकली. औषध नीट सुरू राहिलं की दोनेक आठवड्यांत पसरवण्याची ताकद खूपच कमी होते, तोवर मास्क लावा, वेगळं झोपा, थुंकी झाकणाच्या डब्यात, हे सगळं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मला नाही. कुणाला सांगायचं ते त्यांनी घरात पाऊल ठेवताच ओळखलं होतं. सासूबाई हट्टानं एवढंच म्हणाल्या, “आमच्या मुलाला-नातवाला बीसीजी दिलंय.” भाऊंनी समजावलं की ती लस लहान बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला तिचा फारसा अडसर नसतो. दंडावरच्या खुणेवर भरवसा ठेवून बसलेल्या आमच्या घराला ही बातमीच होती.

मग तिघांचे एक्स-रे. स्वच्छ आले. मला वाटलं सुटलो, पण आता रोग नाही म्हणून रोग होऊ नये यासाठी आयसोनियाझिडच्या गोळ्या त्यांनाही, सहा महिने. यावर घरात जे महाभारत झालं ते माझ्या आजारानंही झालं नव्हतं. नवरा म्हणाला, धडधाकट माणसानं गोळ्या का खायच्या? सासूबाईंची साखर, त्यांचं वय. डॉक्टर मॅडमनी आधी यकृताची तपासणी करून घेतली, मगच सुरू केल्या. मुलगा अकरा वर्षांचा. त्यानं एकट्यानंच काही वाद घातला नाही. आई रोज घेते तर मीही घेतो, एवढंच त्याचं म्हणणं. सकाळी सहा वाजता ओट्याशी चौघं पाण्याचे पेले घेऊन उभे, असं दृश्य आमच्याकडे सुरू झालं.

पहिले काही आठवडे वाईट गेले. गोळ्या घेतल्या की तासाभरानं मळमळ, मग सांधे दुखायला लागले, विशेषतः घोटे. ताईंना सांगितलं की त्या मॅडमना सांगायच्या आणि संध्याकाळपर्यंत निरोप यायचा. इथॅम्ब्युटॉलचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, लाल-हिरवा फरक कळेनासा झाला तर लगेच या, असं बजावलेलं. म्हणून मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून रोज सिग्नलकडे टक लावून बघायचे. लाल. पिवळा. हिरवा. बरं, दिसतंय.

ताईंचा फोन मात्र रोज यायचा. “घेतल्या का?” सुरुवातीला चीड यायची. मी शिकलेली बाई आहे, हिशेबखात्यात वीस वर्षं काम करते, मला आठवण कशाला करून द्यायची? पण फेब्रुवारीत एक लग्न निघालं. रात्रभर प्रवास, सकाळी नवरीकडचा चहा-फराळ, आणि मला इतकं छान वाटत होतं की गोळ्यांची पिशवी उघडावीशीच वाटेना. खोकला गेला होता, ताप गेला होता, आजार कुठे होता? साडेआठला फोन. “घेतल्या का?” त्या क्षणी मला कळलं की लोक औषध सोडतात ते आजारी असताना नाही, बरं वाटायला लागलं की सोडतात. आणि अर्धवट सोडलेल्या कोर्समधूनच ते औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. डॉक्टरांनी ‘मागे लागेल’ म्हटलं होतं ते हे.

या ताईंना मिळतं ते मानधन. पगार नव्हे. पोलिओच्या रविवारी त्याच बूथवर, दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन करंगळीवरची खूण तपासणाऱ्या त्याच, गरोदर बायकांच्या नोंदी त्याच ठेवणार, कुष्ठरोगाचे चट्टे शोधण्याची मोहीम निघाली की त्यातही त्याच. ३ मार्चच्या पोलिओ रविवारनंतरच्या आठवड्यात त्या इतक्या दमलेल्या होत्या की रजिस्टरावर डोकं ठेवून बसलेल्या मी पाहिल्या. फोन चुकला नाही. महापालिका म्हटलं की आपल्याला मोठी हॉस्पिटलं आठवतात, केईएम, सायन, नायर. पण ज्याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात त्याचा बराचसा भाग असा पिशवी खांद्याला लावून जिने चढत असतो, आणि त्या माणसाला आपण धड पगारही देत नाही.

मार्चच्या मध्यावर दोन महिन्यांचा टप्पा संपला. पुन्हा थुंकी. नमुना खोलीत द्यायचा नाही, मागच्या मोकळ्या जागेत, वाऱ्यात. डबी हातात, छातीच्या तळातून खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ चालत नाही. मी दिलेली पहिली डबी लॅबच्या माणसानं उजेडात धरून परत केली. “ही लाळ आहे ताई. तीनदा लांब श्वास घ्या आणि मग खोका.” औषधानं खोकलाच उरला नव्हता, आणायचा कुठून? भिंतीशी उभी राहून, शेजारच्या गॅरेजमधल्या पोरांच्या देखत, मी जीव खाऊन खोकले. रिपोर्ट निगेटिव्ह. वजन ५१. मॅडमनी कार्डावर खाडाखोड करून तीनाच्या जागी चार केलं, कारण मी वरच्या वजनगटात गेले होते. आयुष्यात प्रथमच वजन वाढल्याबद्दल कुणीतरी माझं अभिनंदन केलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गोळ्या संपल्या. माझ्या एकटीच्या नव्हे, देशभर. पुढच्या चार महिन्यांची ती तीन औषधांची गोळी जागोजागी कमी पडू लागली होती. केंद्राचा पुरवठा आटला आणि राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगण्यात आलं. आमच्या खिडकीवर त्याचा अर्थ असा, की महिन्याचं पाकीट मिळायचं तिथे चार दिवसांच्या पट्ट्या कापून मिळायच्या. “ताई, एवढ्याच आहेत. सगळ्यांना पुरवायच्यात.” नवरा स्टेशनपासून केमिस्ट पालथे घालत गेला. तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी मिळेना. सुटी-सुटी मिळत होती, पण माझ्या वजनाला कुठली किती हे दुकानदार सांगू शकत नव्हता. २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन, त्या वर्षी त्याच दिवशी होळी. केंद्राच्या शेडला ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’चा बॅनर लागला होता आणि बॅनरखाली आम्ही चार दिवसांच्या गोळ्यांसाठी रांगेत. माझ्यापुढे एक नाका कामगार उभा होता. चार दिवसांनी पुन्हा यायचं म्हणजे त्याची आणखी एक हजेरी बुडणार. तो कुणाशी भांडला नाही, पुन्हा मात्र मला तिथे दिसलाही नाही. मी ताईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, “त्याच्या साइटवर नेऊन देते मी. येताना उतरते तिथे.”

मला एकही दिवस खाडा पडला नाही. कधी शेजारच्या केंद्रातून पट्ट्या आणून, कधी पाच वाजता बंद होणारी खिडकी माझ्यासाठी साडेपाचपर्यंत उघडी ठेवून त्यांनी ते जमवलं. फोनची भाषा आता उलटी झाली होती. सकाळी त्या ‘घेतल्या का’ विचारायच्या आणि संध्याकाळी मी ‘आल्या का’ विचारायचे. पुरवठा हळूहळू सुरळीत झाला. याच सुमारास पोषणाच्या पैशांचे दोन हप्तेही एकदम जमा झाले. अंडी मी आधीच खाल्ली होती.

जुलैत, मुसळधार पावसात, कोर्स संपला. ८ तारखेला गाड्या ठप्प झाल्या तेव्हा नवरा गुडघाभर पाण्यातून घरी आला, दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो होऊ नये म्हणून, डॉक्सिसायक्लिन घ्यायला केंद्रावर पाठवलं. मी शेवटची थुंकी देत होते आणि तो पुढच्या रांगेत. माझ्या कार्डावर ‘बरा झाला’चा शिक्का पडला, पुल्लिंगीच. पण नाव रजिस्टरातून निघत नाही. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावतात. खोकला, वजन, लागलं तर थुंकी. जानेवारी २०२५ मध्ये गेले तेव्हा शंभर दिवसांची क्षयशोध मोहीम चालू होती, ताईंच्या हाताला उसंत नव्हती.

तेव्हाच भाऊंनी विचारलं, टीबी चॅम्पियन होणार का? म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णानं वस्तीत जाऊन बोलायचं. बॅनरवर फोटोही येतो. मी म्हटलं, फोटो नको, सभा नको, समोरच्या काकू अजून ‘सर्व्हे’ समजून आहेत. नंबर हवा तर द्या कुणाला.

आठवड्याभरात पहिला फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगेना.

“ताईंनी नंबर दिला. ते… लघवी लाल होतेय.”

“सकाळी गोळ्या घेतल्यात ना? मग होणारच. लेन्स लावता का?”

“नाही. घरात अजून कुणाला सांगितलं नाहीये मी.”

“मग आज रात्री सांगून टाका,” मी म्हटलं. “उद्या-परवा त्या घरी येतायत.”